घरची संध्याकाळची प्रार्थना बंद पडलीय, तुमच्याकडे कशी चालते?

मोगरा_सोलापूर

सर्वांना सलाम.

आमच्या घरी सासूबाईंच्या राज्यात संध्याकाळचे सात म्हणजे सात. टीव्ही बंद, सगळे चटईवर. एक गीत, एक अध्याय, मग त्यांची प्रार्थना. नात्यातला, गल्लीतला, चर्चमधला एकही आजारी माणूस त्या प्रार्थनेतून सुटायचा नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची, धाकट्यांनी मोठ्यांना सलाम करायचा आणि मग ताटं.

आता त्यांना दिसत नाही. यजमान अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, पाळी बदलती. मुलगी दहावीला, क्लास सुटून घरी यायला आठ. धाकटा इंग्रजी माध्यमात, मराठी वाचताना अडखळतो म्हणून वाचायलाच नको म्हणतो. आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्या दिवशी तर घरात कुणी खाली बसतच नाही. असं करत करत प्रार्थना कधी थांबली ते कळलंही नाही. आता प्रत्येकाच्या फोनवर सकाळी एक वचन येतं, हात जोडलेला इमोजी टाकला की झालं.

दुसरं, माझ्या स्वतःच्या प्रार्थनेबद्दल. बायबलात मत्तयच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. दोन खोल्या, पाच माणसं. कुठली खोली आणि कुठलं दार? थट्टा नाही, खरंच विचारतेय.

चष्मेवाले_काका

मोगराताई, सलाम. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे उत्तर लांबेल.

सातचा हट्ट आधी सोडा. प्रार्थना घड्याळाला बांधली की पाळी बदलली, तुटली. ती जेवणाला बांधा. ताटं मांडायच्या आधी घरात जे असतील ते बसतील. दोघं असतील तर दोघं. मत्तय 18 मध्ये ‘दोघे किंवा तिघे’ असंच आहे, ‘सगळे’ असं नाही. सगळे जमण्याची वाट बघत बसलेली घरं मी पुष्कळ पाहिलीत. तिथं महिन्यातून एकदासुद्धा प्रार्थना होत नाही.

अध्यायही सोडा, बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र घ्या. 150 स्तोत्रं आहेत, रोज एक घेतलं तर पाच महिन्यांत फेरी पूर्ण. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या 30 दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. संसारी माणसाला ते झेपत नाही, आपण एकच घ्यावं. 117 वं दोनच ओव्यांचं आहे, पाण्याच्या दिवसासाठी राखून ठेवा हवं तर. 119 व्यात 176 ओव्या, पण त्याचे 8-8 ओव्यांचे 22 तुकडे आधीच पाडलेले आहेत. रोज एक तुकडा. बावीस दिवस तेच ते नियमशास्त्र आणि आज्ञा, घरात कुरकुर होते. होऊ द्यावी.

आणि सासूबाईंची नजर गेलीय, वाचा नाही गेलेली. वाचन धाकट्याकडे द्या, अडखळू दे. जिथं अडेल तिथं त्या पुढचं सांगतील. त्या पिढीला निम्मी स्तोत्रसंहिता पाठ असते. प्रार्थना त्यांचीच ठेवा, बाकीच्यांनी एकेक वाक्य. एकच. आपल्या मंडळीत काही जणांना माइक मिळाला की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जाऊन आल्याशिवाय ‘आमेन’ सापडत नाही, ती सवय घरात नको.

जुळे_सोलापूरचा_जॉनी

काका एक नंबर 😀 पण फोनला एवढं का धुवायलेत सगळे? मी कामाला जाताना बसमध्ये कानात ऑडिओ बायबल लावतो. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेली येशूची कथा, सगळं मिळून दीड तासाच्या आसपास होतं, दोन-तीन दिवसांत संपतं. चर्चमध्ये चार-चार ओव्या ऐकून मला वाटायचं येशू निवांत माणूस आहे. सलग ऐकलं तर तो थांबतच नाही बे! ‘लगेच’, ‘तेव्हाच’, ‘मग तिथून निघून’. एवढ्या घाईतही पहिल्याच अध्यायात भल्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जातो (1:35). हे मला फोनमुळंच कळलं.

खडू_फळा

जॉनी, तू ऐकतोस ते वेगळं आणि रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर येणारं वचन वेगळं. माझा राग त्या चित्रांवर आहे.

सगळ्यात जास्त फिरणारं वचन घ्या: यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. दहावीचा निकाल, नोकरीची मुलाखत, लग्नाची बोलणी, सगळीकडे हेच. आता वरची एक ओवी वाचा. तिथं लिहिलंय की बाबेलात (बॅबिलोनमध्ये) 70 वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर! हे पत्र यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. दोन वर्षांत सुटका होईल असं सांगणारा एक संदेष्टा त्याच वेळी लोकप्रिय होता, हनन्या त्याचं नाव, मागचाच अध्याय बघा. यिर्मया सांगतोय की त्याचं ऐकू नका. म्हणजे पत्र मिळालेल्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. त्यांच्यासाठी हिताचा संकल्प काय? तोही चौथ्या ओवीपासून लिहिलेला आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

हे चित्रावर मावत नाही. मावलं असतं तर आपण सोलापूरसाठी प्रार्थना केली असती, नुसती आपापल्या मुलामुलींच्या पुण्यातल्या पॅकेजसाठी नाही.

जपमाळ

खडू_फळा, टाळ्या 👏

मी कॅथलिक आहे, चालेल ना इथं? आमच्याकडे हा प्रश्न थोडा वेगळ्या पद्धतीनं सुटलाय. वचन आम्ही निवडतच नाही. रोजच्या मिस्साचे, म्हणजे आमच्या उपासनेचे, पाठ आधीच ठरलेले असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहान मुख्यतः ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आणि नंतरच्या पुनरुत्थानाच्या काळात येतो. वर्ष सुरू होतं ते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी तेच, पण सामान्यकाळात, म्हणजे हे खास काळ सोडून, पहिला पाठ एक वर्षाआड बदलतो. आज आमच्या फादरांनी जो उतारा वाचला तोच वसईत, मनिलात आणि रोममध्येही वाचला गेला.

याचा फायदा मला खूप उशिरा कळला. वडील गेले त्या आठवड्यात मला सांत्वनाचं काहीतरी हवं होतं, आणि पाठ आला तो कोणी मोठं व्हायचं यावरून भांडणाऱ्या शिष्यांचा. चिडले होते. पण आमच्याकडेही तेव्हा घराच्या वाटणीवरून तेच चाललं होतं.

मी स्वतः निवडलं असतं तर स्तोत्र 23 च्या पुढं गेलेच नसते.

चष्मेवाले_काका

जपमाळताई, चालेल काय, धावेल. असं पाठांचं कोष्टक आता बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्येही असतं, 1992 पासून सामाईक म्हणून एक तयार झालेलं आहे. आमचे पाळकसाहेब मात्र स्वतःच निवडतात, आणि त्यामुळे वर्षातून चार वेळा उधळ्या पुत्राचा दाखला ऐकावा लागतो.

इंद्रायणी_ते_चंद्रभागा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. धागा वाचताना राहवलं नाही म्हणून लिहितो, कुणाचा अवमान नको.

आमच्या आईचा हरिपाठ रोज संध्याकाळी. मूड असो नसो, ताप असो, गड्ड्याच्या यात्रेहून दमून आलेली असो. मी एकदा विचारलं, रोज तेच म्हणून मन लागतं का? म्हणाली, मन लागायची वाट बघत बसले असते तर पाठच झाला नसता. तुमच्याकडे असं पाठ म्हणायचं काही नाही का? चर्चमध्ये जे ऐकलं ते सगळं आयत्या वेळचंच वाटलं.

खडू_फळा

उत्तम प्रश्न आणि थोडा झोंबणारा. आहे की. प्रभूची प्रार्थना आहेच. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या पुस्तिकेत ती दिवसातून तीन वेळा म्हणा असं सरळ सांगितलंय. दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. स्तोत्रं तर मुळात म्हणण्यासाठीच.

पण आमच्यात एक समज घट्ट बसलाय की पाठ म्हटलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, आणि जी आयत्या वेळी सुचते तीच मनापासूनची. मला हे पटत नाही. आयत्या वेळच्या प्रार्थना नीट ऐका: ‘हे प्रभू पित्या, आम्ही तुझे आभार मानतो, तू आम्हाला हा दिवस दिलास’ इथपासून सगळं ठरलेलंच असतं. फरक एवढाच की स्तोत्रकर्त्याची भाषा आपल्यापेक्षा बरी आहे.

शिवाय मिशनच्या सुरुवातीच्या काळात कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 ला आलं, नगरला 1831 ला आणि सोलापुरात 1860 च्या दशकात. त्या काळच्या आयाबाया शास्त्र शिकल्या त्या ऐकून आणि गाऊन. पुढं ना. वा. टिळकांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी आमच्या गाण्याला अभंगाचं वळण दिलं. ते तुमच्या आईच्याच परंपरेतून आलेलं आहे. आम्ही ते रविवारी गातो आणि सोमवारी विसरतो, हा भाग वेगळा.

नाताळला_हजर

मी जन्मानं ख्रिस्ती, विश्वासाचं विचारू नका. गाण्यासाठी येतो, ढोलकी वाजवतो. एकच शंका: एवढ्या प्रार्थना करून नळाला रोज पाणी आलं का?

जुळे_सोलापूरचा_जॉनी

भावा, उजनी धरण भरलेलं असतानाही येत नाही, यात देवाला कशाला ओढतोस 😂

चष्मेवाले_काका

शंका हसण्यावारी नेऊ नये. स्तोत्रांमध्येच ती आहे. 13 वं सुरूच होतं ‘किती वेळ?’ अशा प्रश्नानं. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी ही संहिता जमवली त्यांनी ते काढून टाकलं नाही. माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली त्या काळात आमच्या घरी संध्याकाळी 13 वं स्तोत्र वरचेवर व्हायचं, आणि नंतर वडील प्रार्थना न करता नुसते ‘आमेन’ म्हणायचे. त्यांना आणखी काही म्हणायचं नव्हतं, आणि आईनं कधी आग्रह धरला नाही.

म्हणूनच मी स्तोत्रं क्रमानं घ्या म्हणतो, आवडीची निवडू नका. क्रमानं गेलं की 137 ची शेवटची ओवीही येते, बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटण्याची. नातीनं विचारलं, आजोबा, हे बायबलमध्ये कसं? मी म्हटलं, ज्याचं घर जाळलं त्याचा राग तो देवासमोर बोलतोय, हातात दगड न घेता. तिला पूर्ण पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण त्या रात्री जेवणं होईपर्यंत आम्ही त्यावरच बोललो.

पदर

मोगराताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाही! पुरुषमंडळी, तुम्हाला एकांत मिळतो म्हणून.

सुझॅना वेस्लीचं सांगतात. 18 व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पाळकाची बायको, मेथडिस्ट चळवळीच्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई. 19 बाळंतपणं, 10 मुलं जगली, घरात पैशाची कायम ओढ. तिला प्रार्थना करायची असली की ती खुर्चीत बसून एप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची, आणि पोरांना माहीत असायचं की आता आईला हाक मारायची नाही. मी हे महिला मंडळात सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, त्यात काय, आम्ही चुलीपुढं पदर पुढं ओढून तेच करत होतो, धुरानं डोळ्यांत पाणी आलंय असं सगळ्यांना वाटायचं.

आणि मत्तय 6 मधली ती खोली. गालीलातल्या गरिबाच्या घरात तरी आतल्या खोल्या किती असणार? प्रभूचा रोख दिखाव्यावर आहे, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेवर. स्वतः तो डोंगरावर, रानात, बागेत जायचा. आपल्याकडे गच्ची. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला गच्चीइतकी चांगली जागा अख्ख्या सोलापुरात नाही, साडेसातला पाय भाजतात.

मोगरा_सोलापूर

पदरताई, गच्ची घरमालकाची, कुलूप असतं 🙂 पण एप्रनचं मनात राहिलं.

मला एक सांगा, चर्च आठवडाभर कुलूपबंद का असतं? जपमाळताई, तुमच्याकडे उघडं असतं का?

जपमाळ

सकाळच्या मिस्साच्या आधी उघडतं, नंतरही काही वेळ असतं. बाजाराला जाता जाता बायका पाच मिनिटं येऊन बसतात, भाजीची पिशवी बाकाखाली. कुणी काही विचारत नाही. उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या प्रसंगांपुढं थांबत करायच्या प्रार्थनेला, तर गर्दीच, 14 स्थानं होईपर्यंत गुडघे बोलतात.

खडू_फळा

आमच्याकडे हा विषय पंच कमिटीत निघाला होता. उत्तरं ठरलेली: चोरी होईल, वीजबिल, चावी कुणाकडे. शेवटचं खरं कारण. चावीवरून आमच्यात जेवढी भांडणं होतात तेवढी शिकवणुकीवरून होत नाहीत.

पदर

तोवर घरोघरीच्या प्रार्थनेचं बघा. पाळीपाळीनं एकेका घरी जमायचं ही पद्धत सोलापुरात अजून बरी टिकून आहे, पण तिला खाण्यानं मारलं. पूर्वी चहा. मग चहा-पोहे. मग कुणीतरी समोसे आणि जिलबी ठेवली, पुढच्या घरानं आइस्क्रीम. आता ज्यांच्या घरी खरंच प्रार्थनेची गरज आहे ते बोलवतच नाहीत, वीस माणसांना काय द्यायचं म्हणून. आम्ही महिला मंडळात ठराव केला: फक्त चहा, तोही अर्धा कप. दोन घरांनी मोडला, तिथं आम्ही प्लेटला हात लावला नाही. वाईट दिसलं, पण त्यानंतर विडी वळणाऱ्या दोन बायकांनी आपणहून तारीख मागितली. एकीच्या घरी सगळ्यांना बसायला जागा नव्हती, निम्म्या गल्लीत बसल्या, शेजारच्या तेलुगू आजीनं तिच्या भाषेत एक गीत म्हटलं. कळलं कुणालाच नाही, ‘हालेलुया’ तेवढं सगळ्यांनी म्हटलं.

मुठीच्या धान्याचंही तसंच. रोज पीठ मळताना मूठभर ज्वारी बाजूला डब्यात, महिन्याला चर्चला. आता बहुतेकींकडे गव्हाच्या पिठाची पिशवीच येते, तेव्हा डब्यात सुटे पैसे टाकतात. चालतंय की. पण हंगामाच्या सणाला लिलावात ज्वारीचं पोतं दिसत नाही, सगळं मॉलमधलं. एक भोपळा मात्र दरवर्षी येतो आणि तीनदा विकला जातो, कारण घेणारा परत दान करतो.

नाताळला_हजर

तो भोपळा मी मागच्या वेळी घेतला आणि घरी नेला. पंचांनी अजून माफ केलेलं नाही.

मोगरा_सोलापूर

थांबा. तीनदा विकलेला भोपळा, चावीची भांडणं, उधळ्या पुत्र… काका, खडू_फळा, आपण एकाच चर्चचे तर नाही ना?

चष्मेवाले_काका

मला पहिल्या प्रतिसादापासून संशय होता. तुमच्या सासूबाई महिला मंडळात होत्या आणि 121 वं स्तोत्र डोळे मिटून म्हणायच्या, बरोबर?

मोगरा_सोलापूर

त्याच! अजून म्हणतात.

तर आमच्याकडचं सांगते. परवापासून सुरू केलंय, काकांच्या पद्धतीनं, जेवणाआधी. स्तोत्र 1. धाकटा ‘निंदकांच्या’ला अडला, सासूबाईंनी शब्द पुरवला आणि पुढच्या तीन ओव्या त्यांनीच म्हणून टाकल्या. मग त्याला राग आला की माझं वाचन त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आधी दुपारी वाचून ठेवलं होतं. यजमान दुसऱ्या पाळीला, ते जेवणाच्या सुट्टीत तेच स्तोत्र तिकडे वाचतात. मुलगी म्हणते परीक्षा झाल्यावर बसेन. बरं म्हटलं. एक वाक्य मात्र उभ्या उभ्या बोलून जाते, काल म्हणाली, ‘देवा, गणिताचं तुला माहीतच आहे.’

माझी आतली खोली अजून सापडायचीय.

खडू_फळा

चावी सध्या माझ्याकडे आहे, हे मघाशी लिहिलं नाही कारण लगेच मागणी झाली असती. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सहा ते सात मी उघडू शकतो. भजन नाही, वचन नाही, माइक नाही. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बसावं, जावं. कमिटीला मी सांगतो. फक्त दोन्ही दिवस मी एकटा नाही येणार, कुणीतरी जोडीला हवं.

जुळे_सोलापूरचा_जॉनी

मी गुरुवारी येतो सर. बुधवारी आमच्याकडे पाणी यायची शक्यता आहे, घागरी भरल्याशिवाय आई सोडत नाही.

नाताळला_हजर

सहा म्हणजे सकाळचे?

पदर

हो, सकाळचे. आणि चहा मिळणार नाही.

नाताळला_हजर

मग शुक्रवार माझा. भोपळ्याचं तेवढं पंचांना सांगा.